रिकामा क्रेट परत कोण आणणार?



सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायचे होते, आणि जिथे वाचनालय उभे राहणे तूर्त शक्य नव्हते अशा खेड्यातही पुस्तक पोचायला हवे होते. त्यासाठी फिरती ग्रंथालये निघाली. फिरते ग्रंथालय म्हणजे पुस्तकांनी भरलेली मजबूत लाकडी पेटी. ती बडोद्याहून गावाला जाई, ठरलेली मुदत तिथे राही आणि परत येई. मग नव्या पुस्तकांसह दुसऱ्या गावाची वाट धरी. नेण्या-आणण्याचा खर्च गावाच्या माथी नव्हता, तो राज्य सोसत असे.

ग्रंथालय चळवळीच्या इतिहासात या पेट्यांची नोंद वाचनप्रसारासाठी होते, आणि ते योग्यच आहे. पण मालवाहतुकीच्या बाजूने पाहिले तर त्या योजनेत आणखी एक शहाणपण दिसते. पेटी परत येणार हे ती पाठवण्याआधीच ठरलेले होते, आणि परतीचे भाडे कोणाच्या खात्यावर पडणार हेही. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे. कारखान्यातला सुटा भाग ज्या खोक्यातून जातो तो खोका एकदा वापरून फेकायचा, की पुन्हा पुन्हा फिरवायचा? आणि फिरवायचा असेल, तर रिकामा झाल्यावर तो परत आणण्याची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न गोत्रीत मांडायला कारण आहे. एके काळी शहराबाहेरचे गाव असलेली गोत्री आज बडोद्याच्या पश्चिमेचे भरगच्च उपनगर झाली आहे. शेजारच्या गोरव्यात अलेम्बिक ही औषध कंपनी आहे, छोट्या कारखान्यांची बीआयडीसी वसाहत आहे. वायव्येला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, उत्तरेला नंदेसरीची रासायनिक वसाहत, दक्षिणेला मकरपुऱ्याची जीआयडीसी आणि मणेजाचे बेअरिंग व विद्युत उपकरणांचे कारखाने. वाघोडियाच्या बाजूला टायर बनतात, सावलीला मेट्रोचे डबे, हालोलला मोटारी, मोटारसायकली आणि केबल. साधारण पन्नास किलोमीटरच्या परिघात एवढ्या तऱ्हेचे उत्पादन चालणारी शहरे देशात मोजकीच असतील. गोत्रीतल्या सोसायट्यांमधून या सगळ्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसे राहतात. खोका बांधणाराही इथलाच, उघडणाराही इथलाच.

एकदाच वापरायच्या खोक्याचा प्रवास पाहण्यासारखा असतो. छोट्या कारखान्यात पोलादी भाग तयार होतो. त्याला गंजरोधक तेल लागते, तो प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यात पुन्हा पुठ्ठ्याचे कप्पे, वर टेप आणि पट्टी. टेम्पो तासाभराचे अंतर कापतो. पलीकडच्या कारखान्यात कामगार पट्टी तोडतो, कटरने टेप चिरतो, पिशवी फाडतो, भाग काढून ट्रेमध्ये मांडतो. खोका भंगाराच्या कोपऱ्यात जातो आणि किलोच्या भावाने विकला जातो. ज्याने माल घेतला त्याने खोक्याची किंमत भागाच्या दरात मोजलेली असते, खोका उघडायला माणूस लावलेला असतो आणि हाती येतो तो रद्दीचा भाव. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, थप्पीतला सर्वांत खालचा खोका दबतो, तळ सुटतो. ओल भागापर्यंत पोचली तर गंज चढतो आणि सगळा लॉट परत येतो. कटरने कापलेली बोटे आणि भागांवर उठलेले ओरखडे यांची किंमत खोक्याच्या दरात कधीच धरलेली नसते.

याला पर्याय म्हणून प्लास्टिकचा क्रेट, पोलादी बिन, घडीचा मोठा पेटारा किंवा चाकांची ट्रॉली येते. प्लास्टिकचा क्रेट बहुधा एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. या कच्च्या मालाशी बडोद्याचे नाते जुने आहे. इंडियन पेट्रोकेमिकल्स, म्हणजे आयपीसीएल, १९६९ मध्ये इथेच स्थापन झाली. तिचे पॉलिप्रॉपिलीन ‘कोयलीन’ या नावाने देशभर ओळखले गेले आणि तिचे दुसरे संकुल महाराष्ट्रात नागोठण्याला उभे राहिले. क्रेट साच्यात एका दमात बनतो. त्याच्या भिंतीवरच्या उभ्या कडा थप्पीचे वजन पेलतात, तळाची कड खालच्या क्रेटच्या तोंडात बसते, हाताला धरायला जागा असते आणि टेप किंवा पट्टी लागत नाही. आत भागाच्या आकाराचे कप्पे बसवले की एक भाग दुसऱ्याला घासत नाही. क्रेट थेट असेंब्ली लाइनवर जातो आणि कामगार त्यातूनच भाग उचलतो. उघडणे, काढणे, पुन्हा मांडणे ही तिन्ही कामे संपतात.

पण क्रेट महाग असतो. म्हणून हिशेब मांडावा लागतो, आणि तो सोप्या आकड्यांनी मांडला तर कोणालाही कळतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, एक सप्लायर रोज १०० खोकी माल पाठवतो आणि वर्षाला ३०० दिवस काम चालते. पुठ्ठ्याचा खोका ४० रुपयांना पडतो. म्हणजे वर्षाला ३०,००० खोकी आणि १२ लाख रुपये. आता त्याच मापाचा क्रेट ६०० रुपयांना घेतला. तो सप्लायरकडे भरायला एक दिवस, वाटेत एक, खरेदीदाराच्या स्टोअरमध्ये आणि लाइनवर तीन, रिकामा होऊन परतायला एक आणि धुऊन तयार व्हायला एक, असा सात दिवसांत एक फेरा करतो. रोजचे १०० गुणिले ७ म्हणजे ७०० क्रेट. तुटफुटीसाठी दहा टक्के जादा धरून ७७०. गुंतवणूक ४ लाख ६२ हजार. परतीचे भाडे आणि धुलाई मिळून फेरीला १५ रुपये धरले तर वर्षाला साडेचार लाख. पहिल्याच वर्षी एकूण खर्च ९ लाख १२ हजार, म्हणजे २ लाख ८८ हजारांची बचत. दुसऱ्या वर्षी क्रेट आधीच हातात असतात. तेव्हा बचत साडेसात लाखांवर जाते.

आता या हिशेबात एकच गोष्ट बदलू. क्रेटचा भाव तोच, भाडे तेच. फक्त सातऐवजी चौदा दिवसांनी क्रेट परत येतो, कारण तो कुठेतरी पडून राहतो. मग १,५४० क्रेट लागतात, त्यांना ९ लाख २४ हजार पडतात आणि पहिल्या वर्षाचा खर्च १३ लाख ७४ हजारांवर जातो. त्या वर्षी पुठ्ठाच स्वस्त ठरतो. प्लास्टिकची प्रत, साच्याची सफाई, कप्प्यांची रचना यांपैकी काहीही बिघडलेले नाही. बिघडले आहेत ते परतीचे सात दिवस.

या व्याख्यानाचे सगळे म्हणणे या दोन परिच्छेदांत सामावले आहे. कारखाने क्रेटकडे वळतात तेव्हा चर्चा होते ती क्रेटची: कोणत्या रंगाचा, किती किलो पेलणारा, कोणाकडून घ्यायचा. रिकाम्या क्रेटचा विषय बैठकीच्या शेवटी निघतो, किंवा निघतच नाही. भरलेल्या क्रेटची सगळ्यांना काळजी असते, कारण त्यात माल असतो. तो उशिरा आला तर लाइन थांबते. रिकाम्याची कोणालाच घाई नसते. तो गेटजवळ थप्पीत उन्हात उभा राहतो. कोणी त्यात नट-बोल्ट ठेवते, कोणी कँटीनमध्ये नेते, कोणी उलटा करून त्यावर बसते. क्रेट ‘हरवतात’ अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा ते हरवलेले नसतात. ते कारखान्यातच असतात, फक्त फेऱ्यातून बाहेर पडलेले असतात.

जपानमध्ये टोयोटाने या रिकाम्या डब्यालाच कामाला लावले. ताइइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर घडवलेल्या पद्धतीत प्रत्येक डब्यात ठरावीकच भाग असतात आणि डब्याबरोबर एक कार्ड फिरते, तेच कानबान. डब्यातला माल वापरायला घेतला की कार्ड सुटते आणि मागच्या टप्प्याकडे जाते. ते पोचणे म्हणजेच ‘एवढे भाग आणखी बनवा’ ही ऑर्डर. तिथे डब्यांचा आणि कार्डांचा फेरा रेंगाळला तर उत्पादनच अडते, म्हणून तो कोणी रेंगाळू देत नाही. किर्लोस्कर घराण्याच्या भागीदारीत १९९७ मध्ये टोयोटाची कंपनी स्थापन झाली आणि कर्नाटकात बिडदीला तिचा प्रकल्प आकाराला आला, तेव्हा ही शिस्त भारतीय सप्लायरांच्या अधिक जवळ आली. पुण्याच्या चाकण-पिंपरी पट्ट्यातले, गुडगाव-मानेसरचे, हालोलचे सुटे भाग बनवणारे आज क्रेट, बिन आणि ट्रॉली या शब्दांशी चांगले परिचित आहेत. एकच गाडी ठरलेल्या वेळी तीन-चार सप्लायरांकडे फिरते, भरलेले उचलते आणि त्याच फेरीत रिकामे टाकत जाते. दुधाच्या गाडीसारखी ही फेरी. तिला कारखान्यांत ‘मिल्क रन’ म्हणतात.

दुधाची खरी गाडी तर गोत्रीत रोज पहाटे येते. बरोडा डेअरी ही बडोदा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांची सहकारी संस्था, १९५७ ची. पिशव्यांनी भरलेले क्रेट दुकानापुढे उतरतात आणि आदल्या दिवशीचे रिकामे त्याच टेम्पोत चढतात. परतीसाठी वेगळी गाडी नाही, वेगळा माणूस नाही. गाडी रिकामी जाणारच होती, तिच्यात रिकामे क्रेट गेले. दुकानदाराने कालचे क्रेट दिले नाहीत तर ते आजच, तिथल्या तिथे, मोजून कळते. सात दिवसांचा फेरा इथे एका दिवसावर आला आहे.

गॅसचा सिलिंडर हे याहून मोठे उदाहरण. ज्या बडोद्यात महानगरपालिकेने १९७२ पासून घरोघरी नळाने गॅस द्यायला सुरुवात केली, त्या शहरालाही सिलिंडर अनोळखी नाही. देशात घरगुती गॅसची तीस कोटींहून अधिक कनेक्शने आहेत, म्हणजे तेवढी तरी पोलादी भांडी अखंड फिरत आहेत. भरलेला हवा असेल तर रिकामा द्यावा लागतो. कनेक्शन घेतानाच अनामत भरलेली असते. वरच्या पट्टीवर पुढच्या चाचणीची मुदत लिहिलेली असते: ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर तिमाहीसाठी आणि पुढे वर्षाचे दोन अंक. नव्या सिलिंडरची पहिली चाचणी दहा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी होते. मालक एक, माप एक, अनामत ठरलेली, तपासणी ठरलेली, आणि रिकामे देणे हीच भरलेले मिळण्याची अट. कारखान्यांनी परदेशातून पद्धती शोधत जाण्याआधी ही एवढी व्यवस्था बारकाईने पाहिली तरी बरेच हाती लागेल.

मापाचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा. मकरपुऱ्यातल्या एखाद्या छोट्या कारखान्याची तीन गिऱ्हाइके असतात. एकाला निळा क्रेट हवा, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला दोन इंच उंच. कारखान्याच्या अंगणात तीन थप्प्या, तीन हिशेब, आणि एका गिऱ्हाइकाचे क्रेट कमी पडले तर शेजारी पडलेले दुसऱ्याचे वापरायची सोय नाही. जर्मन मोटार उद्योगाने आपल्या संघटनेमार्फत सुट्या भागांच्या छोट्या डब्यांची मापे एकदाच ठरवून टाकली: ६०० बाय ४०० मिलिमीटर, त्याच्या निम्मा ४०० बाय ३००, त्याच्याही निम्मा ३०० बाय २००. या मापांमागे साधे गणित आहे. भारतात सर्रास चालणाऱ्या १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ६०० बाय ४०० चे पाच डबे एका थरात बसतात, दोन आडवे आणि तीन उभे, आणि बोटभरही जागा वाया जात नाही. युरोपच्या १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर चार बसतात. पॅलेटवर मोकळी जागा राहिली नाही की ट्रकमध्येही राहत नाही.

जहाजावरच्या मोठ्या कंटेनरची कथा हेच सांगते. माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ पेटारे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. त्या पोलादी पेटाऱ्याने जग बदलले ते सगळ्यांची मापे एक झाल्यावर. मॅक्लीन यांच्या कंपनीने कोपऱ्यातल्या जोडणीचे पेटंट हक्क खुले केले आणि कोणाचाही कंटेनर कोणाच्याही क्रेनने उचलता येऊ लागला. भारतात पहिला कंटेनर १९७३ मध्ये कोचीनला उतरला. बडोद्याजवळ दशरथला कंटेनर डेपो आहे. तिथला पेटारा न्हावाशेवाहून आला की मुंद्र्याहून, याने तिथल्या उचलणाऱ्या यंत्राला काहीच फरक पडत नाही. कारखान्यातल्या लहान डब्याला अजून ही मोकळीक मिळालेली नाही.

एकमेकांचे डबे वापरता येतील अशी व्यवस्था उभी राहू शकते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तिथे आणलेली पॅलेट आणि उचलण्याची यंत्रे युद्धानंतर मागे राहिली. सरकारने त्यांचा सामायिक साठा करून ती उद्योगांना वापरायला दिली. त्यातूनच चेप ही संस्था घडली. १९५८ मध्ये ती ब्रॅम्बल्स या खासगी कंपनीकडे गेली आणि तिची निळी पॅलेट जगभर फिरू लागली. पॅलेट कोणा कारखान्याचे नसते, भाड्याचे असते; दुरुस्ती, मोजणी आणि परत आणणे हे सगळे भाड्याने देणाऱ्याचे काम. भारतात मुंबईच्या लीप इंडियाने २०१३ पासून असाच सामायिक साठा उभा केला. या पद्धतीत छोट्या कारखान्याला चार-पाच लाख रुपये क्रेटमध्ये अडकवून ठेवावे लागत नाहीत. मात्र भाडे दिवसावर असते. पडून राहिलेला क्रेट रोज पैसे खातो, आणि ते बिलावर दिसते. रिकाम्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत प्रथमच छापील कागदावर येते.

बडोद्याच्या आसपासची दोन उदाहरणे या विषयाच्या दोन टोकांना आहेत.

पहिले हालोलचे. पॉलिकॅबसारख्या मोठ्या केबल कंपनीचे कारखाने तिथे आहेत. जाड केबल गुंडाळायला ड्रम लागतो, बहुधा लाकडी, आणि त्याच्या मापांसाठी आयएस १०४१८ हे भारतीय मानक आहे. उपकेंद्रावर केबल उलगडून झाली की ड्रम तिथेच राहतो. कोणी त्याचे टेबल करते, कोणी सरपण. पोलादी ड्रम महाग असतो, पण अनेक फेऱ्या करतो. सुटा होणारा असेल तर परतीच्या ट्रकमध्ये थोड्या जागेत पुष्कळ मावतात. अडचण एकच: केबल पडते ती शेकडो किलोमीटर दूर, कधी डोंगरात, आणि ठेकेदार काम संपवून पुढच्या साइटवर गेलेला असतो. ठेक्याच्या करारात ड्रमची अनामत आणि परतीचे ठिकाण लिहिलेले असेल तरच ड्रम परत येईल. जवळच्या, मोठ्या आणि नियमित गिऱ्हाइकांपासून सुरुवात केली तर हे अवघड नाही.

दुसरे उदाहरण नंदेसरीचे, आणि तिथे घाई करून चालत नाही. रसायने २०० लिटरच्या पिंपांतून आणि १,००० लिटरच्या, जाळीत बसवलेल्या टाक्यांतून जातात. ही भांडी मुळातच दणकट, पुन्हा वापरण्याजोगी. पण रिकामे पिंप पूर्ण रिकामे नसते. तळाशी रसायन उरते. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अशी माखलेली पिंपे आणि डबे धोकादायक कचऱ्याच्या यादीत आहेत. ती धुवायची कोणी, धुतलेले पाणी कुठे सोडायचे, हे नियमाने बांधलेले आहे. त्या पिंपाचा पुनर्वापर म्हणजे ज्या रसायनाने ते भरले होते त्याच रसायनासाठी, त्याच उत्पादकाकडे, बंद साखळीत ते परत जाणे. ते रस्त्याकडेला विकले जाऊन एखाद्याच्या घरात पाणी साठवायला लागणे हा पुनर्वापर नव्हे. त्यात माणसाच्या जिवाशी खेळ आहे, आणि अशी पिंपे अजूनही बाजारात विकली जातात, हे थांबले पाहिजे.

कायदाही आता याच दिशेने निघाला आहे. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ब्रँडमालकांवर कडक प्लास्टिक वेष्टनांच्या पुनर्वापराचे बंधन घातले. ४.९ लिटर किंवा किलो आणि त्याहून मोठ्या वेष्टनांसाठी ते २०२५-२६ या वर्षाला ७० टक्के होते. दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत २०२८-२९ मध्ये ते ८५ टक्क्यांवर जायचे आहे. युरोपीय संघाचा वेष्टनविषयक नवा नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. २०३० पासून तिथल्या वाहतूक वेष्टनांपैकी किमान ४० टक्के पुन्हा वापरता येणारी असावीत असे त्यात आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांना त्यातून सूट आहे. निर्यातीच्या लाकडी पेट्यांना आणखी एक जुनी अट आहे: लाकडातली कीड परदेशी जाऊ नये म्हणून त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे द्यावी लागते आणि तसा शिक्का मारावा लागतो. प्लास्टिक आणि पोलादाला ही अट नाही.

कर हा एके काळी मोठा गुंता होता. अबकारी कायद्यात १९७५ पासून अशी तरतूद होती की टिकाऊ आणि खरेदीदाराने परत करायच्या वेष्टनाची किंमत मालाच्या करपात्र मूल्यात धरू नये. आणि ‘परत करायचे’ म्हणजे नेमके काय, यावर खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आता वस्तू व सेवा कराच्या कायद्यात अनामत ही, ती मोबदल्यात वळती केली नाही तोवर, मोबदला धरली जात नाही. आणि विक्री नसलेली ने-आण डिलिव्हरी चलनावर करता येते. गेटवर परत येणाऱ्या वस्तूंचा वेगळा गेटपास असतो, तो पुष्कळ कारखान्यांत आजही भरला जातो. कागद आहेत. त्यांवर रिकाम्या क्रेटचा आकडा रोज चढला पाहिजे.

पुठ्ठा सगळीकडे वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. माल हालोलहून चेन्नईला जात असेल, महिन्यातून एकदाच जात असेल, किंवा परत येणाऱ्या गाडीत जागाच नसेल, तर रिकामा क्रेट मागे आणायला लागणारे डिझेल त्याच्या फायद्यावर पाणी फिरवते. वरच्या उदाहरणात परतीचा खर्च फेरीला १५ ऐवजी ४० रुपये झाला की बचत शून्यावर येते आणि क्रेटची किंमत वर बसते. घडीचे क्रेट परतीची जागा वाचवतात, पण त्यांच्या बिजागऱ्या आधी तुटतात. धुण्याला पाणी लागते. प्रत्येक क्रेटमध्ये एका खोक्याच्या पुठ्ठ्याहून कितीतरी जास्त साहित्य असते; तो दहा फेऱ्यांत मोडला तर निसर्गावरचा भार वाढलेलाच असतो. एकाच भागाच्या आकाराचे खास कप्पे केलेला पेटारा, ते मोटारीचे मॉडेल बंद पडले की भंगारात जातो. म्हणून बाहेरचा डबा प्रमाण मापाचा आणि आतले कप्पे बदलता येणारे, ही रचना अधिक टिकते.

या बदलात अन्याय होण्याची एक जागा आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मोठा कारखाना सप्लायरला सांगतो: पुढच्या महिन्यापासून माल क्रेटमध्ये हवा. क्रेट सप्लायरने घ्यायचे. भागाच्या दरातून पुठ्ठ्याची किंमत कापली जाते. क्रेट मात्र मोठ्या कारखान्याच्या आवारात अडकतात, तिथेच फुटतात, आणि भरपाई मागायला छोट्या माणसाची जीभ रेटत नाही, कारण ऑर्डर हातची जाण्याची भीती असते. बचत वर जाते, तोटा खाली उतरतो. दहा-वीस माणसांच्या कारखान्याला पाच लाखांचे खेळते भांडवल म्हणजे कामगारांचे काही महिन्यांचे पगार. ज्याच्या दारात क्रेट सर्वांत जास्त दिवस थांबतो, त्याने क्रेटच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा उचलावा. हा नियम व्यवहाराचाही आहे. ज्याचे पैसे अडकतात तोच ते सोडवायची धडपड करतो.

हमाल आणि स्टोअरच्या कामगारांचेही ऐकायला हवे. पुठ्ठ्याचा खोका अर्धवट भरता येत नाही म्हणून त्यात जास्त भाग कोंबले जातात; क्रेटची उंची ठरवताना भरलेल्या वजनाचा विचार आधी केला तर पाठीवरचा ताण थेट कमी होतो. लोखंडी भागांसाठी उथळ क्रेट, हलक्या भागांसाठी खोल, एवढ्या साध्या निर्णयाने रोज शेकडो वेळा वाकणाऱ्या माणसाचे काम सुसह्य होते. हा निर्णय खरेदी विभागात होण्याआधी उचलणाऱ्याला विचारून व्हावा.

बडोद्याने काय करावे? सयाजीरावांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवून सुरू केलेले कलाभवन आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेचे घर आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी मकरपुरा ते हालोल आणि गोरवा ते सावली हे दोनच रस्ते घ्यावेत. एका हंगामात, पावसाळा धरून, किती पुठ्ठा जातो, कोणती गाडी कोणत्या वेळी रिकामी परतते, कोणती मापे सारखी करता येतील, याची नोंद करावी. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी ६०० बाय ४०० आणि ४०० बाय ३०० ही दोन मापे मान्य करावीत. मग एक सामायिक आवार हवे, जिथे क्रेट मोजले, धुतले, दुरुस्त केले जातील आणि धुण्याचे पाणी गाळून पुन्हा वापरले जाईल. छोट्या कारखान्याने क्रेट विकत घेऊ नये. फेरीमागे भाडे द्यावे.

आणि हे आवार उभे राहीपर्यंत, उद्यापासून करण्याजोगे एक काम आहे. प्रत्येक खरेदी ऑर्डरवर, दराच्या खाली, चार ओळी लिहाव्यात: क्रेट कोणाच्या मालकीचा, किती दिवसांत परत, परतीचे भाडे कोणाकडे, फुटला किंवा राहिला तर कोणी किती भरायचे. ही चार उत्तरे दोन्ही बाजूंच्या सहीने कागदावर आली की मगच क्रेटचा रंग आणि भाव ठरवायला बसावे.